घरच्या घरी गाडीचा ब्लोअर बदलणे : आईला पावसात ठाण्याला न्यायचं आहे, मदत हवी

खाडीकाठ, ऐरोली
शनिवार, ७ जून २०२५, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक. बाबांनी घेतलेली, आता मीच चालवते. एसी साधा, हाताने फिरवायच्या नॉबचा, ब्लोअरला चार स्पीड.

होळीच्या सुमारास पहिले तीन स्पीड गेले. नॉब ४ वर नेला की हवा जोरात यायची, म्हणून मी तशीच चालवत राहिले. मेमध्ये डाव्या सीटच्या पायापाशी किरकिर ऐकू यायला लागली, मग अधूनमधून जळका वास. पुढे ४ वरही कधी चालू, कधी बंद. गाडी खड्ड्यात आदळली की आपोआप सुरू व्हायचा. गेल्या रविवारी पूर्ण बंद पडला. नॉब कुठेही फिरवा, जाळीतून वाऱ्याची झुळूकही नाही.

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. आईचा गुडघा बदललाय, तिला दर मंगळवारी आणि शुक्रवारी फिजिओथेरपीसाठी नौपाड्यात न्यावं लागतं. परवा विटाव्याच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या, बाहेर मुसळधार पाऊस, आत आम्ही दोघी आणि दोन ओल्या छत्र्या. पाच मिनिटांत पुढची काच पांढरी झाली. एका हाताने फडकं फिरवत दुसऱ्या हाताने गाडी चालवली. आई काही बोलली नाही, पण तिने दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. असं पुन्हा करायचं नाही.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं की डॅशबोर्ड उतरवावा लागेल, गॅस पुन्हा भरावा लागेल, साडेनऊ हजार होतील. मला पाना-स्क्रू ड्रायव्हर हाताळता येतो, घरातले नळ आणि पंखे मीच दुरुस्त करते. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमण्यासारखं आहे का?

वायरमन काका, कळवा
शनिवार, ७ जून, सकाळी ११:०५

ताई, जमेल. मी तीस वर्षं गाड्यांची वायरिंग केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गॅसचं. गॅस असतो कॉम्प्रेसर, रेडिएटरपुढची जाळी (कंडेन्सर) आणि डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल यांच्या बंद पाइपांत. ब्लोअर म्हणजे नुसता एक १२ व्होल्टचा मोटर-पंखा. तो हवा ढकलतो, ती कॉइलवरून गार होऊन किंवा हीटरवरून गरम होऊन तुमच्यापर्यंत येते. त्या मोटरचा गॅसच्या पाइपाशी काही संबंध नाही. बहुतेक हॅचबॅकमध्ये ती डाव्या सीटसमोर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे खालच्या अंगाला तीन स्क्रूंवर लटकलेली असते. कूलिंग कॉइल काढायची असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि गॅसही सोडावा लागतो. दोन्ही कामं वेगळी आहेत. त्या गॅरेजवाल्याला नेमकं कोणतं काम करायचं होतं ते विचारून घ्या.

आता तुमच्या लक्षणांकडे येऊ. पहिले तीन स्पीड मेले आणि चौथा चालू, याचा अर्थ रेझिस्टर, म्हणजे मोटरचा करंट कमी करणारा भाग, गेला. कमी स्पीडला करंट रेझिस्टरच्या तारांमधून येतो, ४ वर तो रेझिस्टर टाळून थेट मोटरला मिळतो. म्हणून ४ शेवटपर्यंत टिकतो. किरकिर म्हणजे मोटरचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडा पडला. खड्ड्यात आदळल्यावर सुरू होणं म्हणजे आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजून टोकाला आलेत, धक्का बसला की टेकतात. जळका वास म्हणजे मोटर अडखळत फिरत होती आणि जास्त करंट ओढत होती.

माझा अंदाज असा की मोटर आधी जड झाली आणि तिनेच रेझिस्टर खाल्ला. पण अंदाजावर पैसे खर्च करू नका. आधी फ्यूज बघा. मग ग्लोव्ह बॉक्स काढून मोटरचा कपलर (वायरींचा प्लग) सोडवा, चावी ऑन करा आणि मल्टीमीटरने कपलरच्या दोन पिनांमधला व्होल्टेज चारही स्पीडला मोजा. दोन पिनांमध्येच मोजा, एक पिन आणि बॉडी यांच्यात नको. पुष्कळ गाड्यांत एका वायरला चावी ऑन असताना कायम १२ व्होल्ट असतो आणि नॉब व रेझिस्टर अर्थिंगच्या बाजूला बसवलेले असतात. बॉडीशी मोजलं तर सगळं ठीक दिसतं आणि माणूस चकतो.

घोडबंदर रोड
शनिवार, ७ जून, दुपारी १२:३०

काकांचा अनुभव मोठा आहे, तरी मला हे घरी करायला सांगणं बरोबर वाटत नाही. डाव्या बाजूला ग्लोव्ह बॉक्सच्या वर एअरबॅग असते. चुकून तिच्या वायरला धक्का लागला तर? माझा भाऊ गाड्यांच्या क्षेत्रात आहे, तो स्वतः प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिथे हात घालत नाही.

वायरमन काका, कळवा
शनिवार, ७ जून, दुपारी १:१०

तुमचं म्हणणं योग्य आहे, मी आधीच लिहायला हवं होतं. १ एप्रिल २०२१ पासून बाजारात आलेल्या नव्या मॉडेलना डाव्या सीटलाही एअरबॅग सक्तीची आहे. जुन्या गाड्यांत वरच्या मॉडेललाच असायची. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढून निदान दहा मिनिटं थांबावं आणि पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या वेष्टणातल्या वायरला अजिबात हात लावू नये. मल्टीमीटर तर तिच्या जवळही न्यायचा नाही. ब्लोअरचं काम खालच्या बाजूला असतं, तिथपर्यंत पोहोचायला पिवळी वायर सोडवावी लागत असेल तर काम तिथेच थांबवून गाडी माहीतगाराकडे न्यावी.

ताई, तुमच्या गाडीत डाव्या बाजूला एअरबॅग आहे का?

खाडीकाठ, ऐरोली
शनिवार, ७ जून, दुपारी १:२५

नाही काका, अगदी खालचं मॉडेल आहे. गाडीच्या पुस्तकातही बघून खात्री केली. घोडबंदर, तुमची काळजी समजली, आभार.

चिंच-गूळ
शनिवार, ७ जून, दुपारी ४:४५

नुसता एसीच बंद आहे ना? आपल्याकडे हीटर कोण लावतं, आणि जूनमध्ये काचा खाली केल्या तरी चालतं. चार महिने काढा, दिवाळीत निवांत करा.

खाडीकाठ, ऐरोली
शनिवार, ७ जून, संध्याकाळी ५:००

मुसळधार पावसात काचा खाली करून बहात्तर वर्षांच्या बाईला कसं न्यायचं? शिवाय ब्लोअर एकच असतो. एसी, हीटर, काचेवर येणारी हवा, सगळं त्याच एका पंख्यावर. तो बंद तर माझ्या गाडीत एसीचं बटण दाबूनही कॉम्प्रेसर लागत नाही.

चिंच-गूळ
शनिवार, ७ जून, संध्याकाळी ५:२०

काचेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माफ करा ताई. लवकरात लवकर करून घ्या.

खाडीकाठ, ऐरोली
रविवार, ८ जून, दुपारी १:५०

सकाळी सातला सुरुवात केली. पार्किंगमध्ये जुनी गोधडी अंथरली, कपाळाला टॉर्च बांधला. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी खुर्ची टाकून सोबत केली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू स्टीलच्या वाटीत जपून ठेवला.

फ्यूज शाबूत आहे. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली येतो, तो दोन मिनिटांत निघाला. मोटर दिसली. कपलर मात्र हलेना. आतली खिट्टी दाबून ओढावा लागतो हे कळायला वीस मिनिटं गेली. सुटला तेव्हा एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं.

दोन पिनांमध्ये मोजलं. १, २, ३ वर शून्य. ४ वर १२.३ व्होल्ट.

मग मोटरचे तीन स्क्रू काढले. मागचा स्क्रू दिसतच नाही, बोटाने चाचपून काढावा लागला, तिथे लांब स्क्रू ड्रायव्हर मावत नाही. बुटका लागतो, आणि टोकाला चुंबक असलेला असेल तर स्क्रू कार्पेटखाली जात नाही. मोटर खाली आली ती मूठभर कचरा घेऊनच. गुलमोहराची बारीक पानं, सोनमोहराच्या सुकलेल्या पाकळ्या, आणि सगळ्यावर मातीचा ओलसर थर. पंखा हाताने फिरवायला गेले तर हलला नाही, जोर लावल्यावर करकरत अर्धा वळसा फिरला. बॅटरीवरून मध्ये फ्यूज टाकून थेट जोडून पाहिलं, तरी हूं की चूं नाही.

म्हणजे मोटरही गेली आणि रेझिस्टरही. काका, तुमचा अंदाज बरोबर होता.

वायरमन काका, कळवा
रविवार, ८ जून, दुपारी ३:१५

शाब्बास. फार नीट तपासलंत.

रेझिस्टर मोटरशेजारीच हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि वाऱ्यानेच गार राहतो. पानांनी पंखा जड झाला, करंट वाढला आणि वारा कमी झाला. दोन्ही बाजूंनी रेझिस्टर तापला आणि त्यातला उष्णतेने तुटणारा फ्यूज तुटला. तेव्हाच मोटर काढून साफ केली असती तर कदाचित वाचली असती. तुम्ही तीन महिने तिला पूर्ण जोरावर पळवलं. हे दोष द्यायला सांगत नाही. पण मी पाहिलेल्या दहांतल्या आठ जणांनी हेच केलं होतं, आणि हे वाचणाऱ्या कुणाचा आज फक्त ४ चालू असेल तर त्याने याच आठवड्यात ग्लोव्ह बॉक्स उघडावा.

काही जण नुसता रेझिस्टर बदलतात, तो पंधरा दिवसांत पुन्हा जातो. काही जण फ्यूज वारंवार उडतो म्हणून २० च्या जागी ३० अँपिअरचा लावतात. मग फ्यूज टिकतो आणि वायर जळते. तसं कधीही करू नका. तपकिरी झालेला कपलरही बदला. पिन सैल झाली की तिथेच उष्णता तयार होते.

नवी मोटर आणताना जुनी सोबत न्या. पंख्याचा व्यास, पंख्याची उंची, तीन स्क्रूंच्या भोकांचं अंतर आणि कपलर, चारही जुळवून बघा. मोटरवरचा नंबर जुळला तर उत्तम.

पाना नंबर दहा, कोपरखैरणे
रविवार, ८ जून, रात्री ८:३०

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या काढलेल्या मोटर मिळतात. स्वस्त पडतात, पण दुकानातच बॅटरीवर फिरवून बघा आणि पंखा हाताने फिरवा. सोडल्यावर अलगद थांबायला हवा. झटकन अडला तर घेऊ नका. पंख्याला कुठे छोटी धातूची चिप लावलेली असेल तर ती उपटू नका, ती वजन सांभाळायला असते. मी एकदा घाण समजून काढली आणि सगळा डॅशबोर्ड थरथरायला लागला.

खाडीकाठ, ऐरोली
बुधवार, ११ जून, रात्री १०:१०

काल मंगळवार, आईला रिक्षाने नेलं. आज ऑफिसमधून लवकर निघून ठाण्याला मोटर आणली. नवी घेतली, मूळ कंपनीची नाही, २,३५० रुपये. रेझिस्टर ४५० ला. व्यास, उंची, भोकं जुळली. कपलर वेगळा होता. दुकानदार म्हणाला जुना तोडून जोडा, सगळे तसंच करतात. घरी येऊन वायर जोडल्या, सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली.

चारही स्पीड चालतात! आवाज मऊ. पण काका, हवा कमी येते. आता ४ वर जेवढी येते तेवढी पूर्वी १ वर यायची, असं वाटतंय. जाळीला हात लावला तर जाणवते, काचेवर मात्र पोहोचत नाही. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला नव्या मोटरला थोडी चालू द्या, मोकळी होईल.

घोडबंदर रोड
बुधवार, ११ जून, रात्री १०:४०

केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) पाहिलात का? आमच्या भागात मेट्रो ४ च्या कामाच्या धुळीने माझा फिल्टर एका वर्षात काळा झाला होता. हवा निम्मीही यायची नाही.

खाडीकाठ, ऐरोली
बुधवार, ११ जून, रात्री १०:५०

या मॉडेलला फिल्टर दिलेलाच नाही. जागा आहे, वर प्लास्टिकचं झाकण आहे, आत रिकामं.

सह्याद्रीवारा, पनवेल
गुरुवार, १२ जून, सकाळी ७:१५

मग बारा-तेरा वर्षांची धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसली असणार. कॉइल चोंदली असेल.

वायरमन काका, कळवा
गुरुवार, १२ जून, सकाळी ८:००

कॉइल चोंदलेली असेलच थोडी, पण ती एका रात्रीत चोंदत नाही. मेपर्यंत ४ वर हवा जोरात येत होती असं ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. मधल्या काळात बदलली ती फक्त मोटर.

ताई, दोन प्रश्न. नव्या मोटरच्या दोन वायरी कोणत्या रंगांच्या होत्या आणि तुम्ही कोणती कोणाला जोडली? आणि पंखा कोणत्या दिशेला फिरतो ते पाहिलंत का?

खाडीकाठ, ऐरोली
गुरुवार, १२ जून, सकाळी ८:२०

गाडीच्या बाजूला एक निळी आणि एक निळ्यावर पांढरी रेघ असलेली. मोटरच्या बाजूला लाल आणि काळी. लाल निळीला, काळी रेघवालीला. अंदाजानेच. दिशा पाहिली नाही. पण उलटा फिरत असता तर हवा आत ओढली गेली असती ना? हवा बाहेरच येते आहे.

वायरमन काका, कळवा
गुरुवार, १२ जून, सकाळी ९:००

इथेच सगळे फसतात. टेबल फॅन उलटा फिरला तर वारा मागे जातो. ब्लोअरचा पंखा तसा नसतो. तो पिंजऱ्यासारखा गोल असतो. हवा मधून घेतो आणि कडेने बाहेर फेकतो, आणि त्याच्या भोवतीचं कवच शंखासारखं वळलेलं असतं. उलटा फिरला तरी हवा मधूनच आत जाते आणि त्याच वाटेने बाहेर पडते, फक्त फार कमी. म्हणून आवाज बरोबर, चारही स्पीड बरोबर, आणि काचेवर काही नाही.

पंख्याची पाती जवळून पाहा. प्रत्येक पातं ओंजळीसारखं वळलेलं असतं. ओंजळीने पाणी पुढे लोटतो तसं, ओंजळीची पोकळ बाजू पुढे ठेवून पंख्याने फिरायला हवं. पाठ पुढे असेल तर उलटं. मोटर खाली काढा, कपलर लावूनच १ वर फिरवून बघा. बोटं, केस, ओढणी लांब ठेवा.

कोणती वायर धन आहे ते मल्टीमीटर सांगेल. लाल टोक एका पिनेला, काळं दुसऱ्या पिनेला, ४ वर वाचन घ्या. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर टोकं उलटी आहेत. गाडीच्या वायरीच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा.

खाडीकाठ, ऐरोली
शनिवार, १४ जून, सकाळी ११:३०

पाठ पुढे होती.

मल्टीमीटर लावला तर वजाचं चिन्ह. जोड कापले, अदलाबदल केली, पुन्हा सोल्डर, पुन्हा स्लीव्ह. या वेळी मोटर वर चढवण्याआधी पंख्याच्या कडेला खडूने ठिपका काढून १ वर फिरवून दिशा पाहिली. मग बसवली.

४ वर नेला आणि आजोबांच्या हातातला पेपर उडाला. काचेवर हात ठेवला तर वरच्या कडेपर्यंत वारा लागतोय.

काका, काय बोलू? मी दुकानदाराचं ऐकून ‘मोकळी होईल’ म्हणत पुन्हा तीन महिने काढले असते.

जाता जाता बसवतानाच्या दोन गोष्टी सांगते, कारण दोन्ही मी पहिल्यांदा विसरले होते. मोटरच्या अंगातून एक छोटी रबरी नळी निघते, ती शेजारच्या पंख्याच्या कवचात खोचायची असते. तीतून मोटरला गार होण्यापुरता वारा मिळतो. आणि मोटरच्या कडेची जुनी फोमची गोल पट्टी झिजली असेल तर नवी चिकटवा. माझ्याकडे पहिल्या वेळी तिथून शिटी वाजत होती.

सह्याद्रीवारा, पनवेल
शनिवार, १४ जून, दुपारी १२:१०

अभिनंदन! पण ताई, पानं आत आली कुठून आणि माती ओली का होती, हे शोधलंत का? नाहीतर नवी मोटरही त्याच वाटेने जाईल.

बाहेरची हवा वायपरखालच्या काळ्या जाळीतून आत जाते. गाडी झाडाखाली उभी असेल तर गुलमोहर, पर्जन्यवृक्ष यांची इवलीशी पानं त्या जाळीतून सहज उतरतात. जाळीखाली पाण्यासाठी पन्हळ असते आणि तिच्या टोकांना निचऱ्याची भोकं. ती पानांनी बुजली की पन्हळ भरते आणि पाणी हवेच्या वाटेने ब्लोअरवर येतं. मी दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात वायपरचे हात काढून जाळी उचलतो आणि हाताने पानं काढतो. बादलीने पाणी ओततो, दोन्ही चाकांच्या मागून बाहेर पडताना दिसलं पाहिजे. पाइपने जोरात मारू नका, तेच पाणी आत जातं.

गाडी झाडाखालीच ठेवावी लागत असेल तर बंद करण्याआधी हवेची कळ आतली हवा फिरवण्यावर ठेवा. वाट बंद राहते, पान आणि उंदीर दोन्ही जरा लांब राहतात.

वायरमन काका, कळवा
शनिवार, १४ जून, दुपारी १:००

अगदी बरोबर. २६ जुलै २००५ नंतर कित्येक आठवडे मी पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे कपलरच साफ करत होतो. पण त्यानंतरच्या वर्षांत माझ्याकडे आलेले ओले ब्लोअर पुराच्या पाण्याने भिजलेले नव्हते, या बुजलेल्या पन्हळीनेच भिजलेले होते.

एक दुसरी वाटही तपासा. एसी चालू असताना कूलिंग कॉइलवरचं पाणी एका नळीने गाडीखाली ठिबकतं. दहा मिनिटं एसी चालवून गाडीखाली डबकं दिसलं नाही आणि डाव्या पायाखालचं कार्पेट ओलं असेल, तर ती नळी चोंदली आहे.

आणि त्या रिकाम्या जागेत फिल्टर बसवा. झाकण कापून फिल्टर सरकवायचा असतो. त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा.

खाडीकाठ, ऐरोली
रविवार, १५ जून, सकाळी १०:२०

जाळी उचलली. डाव्या बाजूचं भोक पूर्ण बुजलं होतं, वर मातीचा थर आणि त्यात उगवलेलं एक रोपटं. बोटाने काढल्यावर साचलेलं पाणी गळगळ करत गेलं. हेच मूळ. गाडी माझी अकरा महिने गुलमोहराखाली उभी असते आणि मी कधी ही जाळी उचलून पाहिली नव्हती. फिल्टर बसवला, ३०० रुपये.

चिंच-गूळ
रविवार, १५ जून, सकाळी ११:४५

काच धुरकट झाली की नक्की काय लावायचं हे कुणी सांगेल का? मी आजवर एसी फुल्ल गार करायचो, कधी काच साफ होते तर कधी उलट बाहेरून धुकं येतं.

सह्याद्रीवारा, पनवेल
रविवार, १५ जून, दुपारी १२:३०

दोन वेगळी धुकी आहेत. बोटाने आतून पुसून बघा. आतून पुसलं जातं ते आपल्या श्वासाचं आणि ओल्या कपड्यांचं बाष्प. त्यासाठी हवा काचेकडे वळवा, बाहेरची हवा घ्या, एसी चालू करा आणि तापमानाचा नॉब मध्यापलीकडे गरम बाजूला न्या. एसीची कॉइल हवेतलं पाणी काढून घेते, हीटर तीच कोरडी हवा उबदार करतो. इथेच आपल्याकडे हीटर कामाला येतो. तो इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो, त्यामुळे हीटरसाठी वेगळं पेट्रोल जळत नाही. आतलीच हवा फिरवत राहिलात तर बाष्प आतच राहतं.

वायपर फिरवल्यावर जातं ते बाहेरचं धुकं. आतल्या गार हवेने काच थंड झाली की जूनमधल्या दमट हवेचं पाणी तिच्यावर बाहेरून बसतं, थंड पाण्याच्या तांब्यावर बसतं तसं. तेव्हा गार हवा काचेवरून काढा, तापमान वाढवा, वायपर मारा. तुम्ही या दुसऱ्या धुक्यावर आणखी गार हवा मारत होता.

खाडीकाठ, ऐरोली
मंगळवार, १७ जून, रात्री ९:००

आज आईला घेऊन गेले. विटाव्याला पुन्हा तीच गर्दी, तसाच पाऊस. हवा काचेकडे, एसी चालू, नॉब मध्यापलीकडे, स्पीड २. काच खालून वर साफ होत गेली, मिनिटभरात. आई म्हणाली, “आज फडकं कुठे गेलं?” आणि मग कोर्ट नाक्यापर्यंत डोळे मिटून बसली.

सगळा खर्च ३,१०० रुपये, त्यात सोल्डर आणि स्लीव्ह धरलेली नाही, ती घरात होती. काका, तुम्ही कळव्यात कुठेही असा, एकदा आईच्या हातच्या थालीपिठाला यायचं आहे.

पीतांबर, घणसोली
बुधवार, १८ जून, सकाळी ८:४०

धागा काल रात्री एका बैठकीत वाचला. माझी गाडी २०१६ ची, तीही चार स्पीडची. माझ्याकडे फक्त ३ बंद आहे. १, २ आणि ४ व्यवस्थित. रेझिस्टर मागवू का?

वायरमन काका, कळवा
बुधवार, १८ जून, सकाळी ९:३०

थालीपीठ नक्की, ताई.

पीतांबर, थांबा. रेझिस्टरमधल्या तारा एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. ३ ला त्यातली एकच तार लागते, २ ला दोन, १ ला तिन्ही. ३ ची तार तुटली असती तर १ आणि २ सुद्धा बंद पडले असते. ते चालू आहेत, म्हणजे रेझिस्टरच्या तारा शाबूत. दोष नॉबमागच्या स्विचच्या ३ च्या पिनेत किंवा तिथून रेझिस्टरपर्यंत येणाऱ्या वायरीत. स्विचचा कपलर काढून तपकिरी झालेली किंवा हिरवी पडलेली पिन शोधा. एअरबॅग असेल तर बॅटरी काढून दहा मिनिटं थांबायला विसरू नका.

पीतांबर, घणसोली
बुधवार, १८ जून, सकाळी ९:४५

एअरबॅग आहे. रविवारी सकाळी बॅटरी काढून नॉबचं पॅनेल उघडतो. पिन कशी निघते ते इथेच लिहितो.